ऑफिसातला टेबलफोन: जोडायचा कसा आणि वापरायचा कसा

"सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे की, मग टेबलावर हा डबा कशाला?" असं ऑफिसात नवीन आलेली पोरं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या कुठल्याही सप्लायरकडं बघा, सेल्सचा माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा मोबाईल नंबर त्याच्याबरोबर जातो आणि त्या नंबरवर फोन करायची सवय लागलेली गिऱ्हाइकं पण मागोमाग जातात. टेबलावरचा नंबर कुणाबरोबर जात नाही. लेटरहेडवर, बिलबुकावर, बोर्डावर बेळगावचा ०८३१ वाला नंबर छापलेला असला की खानापूर-चंदगडकडनं फोन करणाऱ्याला पण वाटतंय की हे दुकान जाग्यावर आहे, उद्या गायब होणार नाही. क्रेडिट सोसायटी असो, वकिलाचं ऑफिस असो, डॉक्टरांचं रिसेप्शन असो नाहीतर निपाणीतली तंबाखूची वखार असो, एक टेबलफोन पाहिजेच असं माझं मत आहे. फक्त तो नुसता ठेवून चालत नाही, तो वाजला पाहिजे, कुणीतरी उचलला पाहिजे आणि ज्याच्यासाठी फोन आलाय त्याच्यापर्यंत तो पोचला पाहिजे. बहुतेक ऑफिसात या तिन्हीपैकी एक काहीतरी बोंबललेलं असतंय.

आधी वायर कुठं जाते ते बघा

फोन विकत आणायच्या आधी भिंतीकडं बघा. वरनं सगळे टेबलफोन सारखेच दिसतात, पण मागची वायर कुठं जाते त्यावर सगळं ठरतं. खांबावरनं दोन तारांची काळी वायर येऊन भिंतीवरच्या छोट्या चौकोनी डब्बीत गेली असेल, म्हणजे लाईनमन ज्याला रोझेट म्हणतात त्यात, तर ती जुनी तांब्याची लाईन. बारीक वायर येऊन वायफायवाल्या पांढऱ्या किंवा काळ्या बॉक्सला लागली असेल तर फायबर, आणि फोन त्या बॉक्सच्या मागं लागतो. मोठ्या ऑफिसात किंवा दवाखान्यात असाल तर वायर कुठल्यातरी कपाटामागच्या ईपीएबीएक्सला जाते, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज. आणि फोनला मागनं कॉम्प्युटरसारखी जाड लॅन केबल लागत असेल तर तो आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरनं चालणारा. आयपी फोनचं प्रकरण सगळ्यात वेगळं आहे, ते खाली सांगतो.

तांब्याच्या लाईनमध्ये आणि फायबरमध्ये एक फरक असा आहे की तो समजला नाही तर पावसाळ्यात फार त्रास होतो. तांब्याच्या लाईनला करंट एक्स्चेंजमधनं येतो, तिथल्या बॅटऱ्यांवरनं साधारण ४८ व्होल्ट डीसी, म्हणून गावातला करंट गेला तरी साधा फोन चालू राहायचा. जुन्या माणसांना अजून वाटतंय की फोनला लाईटचा काय संबंध. फायबरमध्ये संबंध आहे! काचेच्या तारेतनं उजेड येतो, करंट येत नाही, त्यामुळं तो बॉक्स बंद पडला की फोन पण मेला. म्हणून फायबरवर फोन असेल तर त्या बॉक्सला छोटा यूपीएस लावा, राऊटरसाठी म्हणून जो मिनी यूपीएस मिळतो तोच. घ्यायच्या आधी बॉक्सच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघा, बऱ्याच बॉक्सना १२ व्होल्ट लागतात पण सगळ्यांना नाही, यूपीएसचं आऊटपुट तेवढंच पाहिजे आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. ऑफिसात इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लग इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला आहे का तेवढं बघा, कारण पुष्कळ ठिकाणी पंखे आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतात आणि हा बिचारा बॉक्स साध्या सॉकेटवर लटकत असतो, मग करंट गेला की सगळं ऑफिस उजेडात बसलंय आणि फोन तेवढा मुका.

जोडणी

साध्या फोनला दोन वायरी असतात आणि लोक त्यातच गडबड करतात. एक स्प्रिंगवाली, ती रिसिव्हरची, तिची पिन सगळ्यात लहान. दुसरी सरळ, लाईनची, तिची पिन जरा रुंद. स्प्रिंगवाली फोनच्या डाव्या बाजूच्या भोकात आणि रिसिव्हरच्या बुडाला जाते, सरळ वायर फोनच्या मागं लाईन लिहिलेल्या भोकात. काही फोनना मागं फोन लिहिलेलं आणखी एक भोक असतं, ते दुसरं इन्स्ट्रुमेंट किंवा फॅक्स लावायला, लाईन तिथं घालू नका. पिन घालताना टक असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर ती बसलेली नाही. पिनच्या वरचा प्लास्टिकचा छोटा काटा तुटला असेल तर ती वायर फेकून द्या, नवीन वायर फार महाग नसते, पण तुटक्या काट्याची पिन रोज थोडी थोडी बाहेर येते आणि तुम्ही लाईन गेली म्हणून कंप्लेंट करत बसता.

फायबरच्या बॉक्सवर टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं भोक शोधा. दोन असतील तर आधी १ नंबरचं, कारण नंबर बहुतेक त्यावरच चालू केलेला असतो. लॅनची भोकं जरा मोठी असतात आणि फोनची बारीक पिन त्यातपण जाते, पण तिथं फोन चालत नाही आणि आतल्या पट्ट्या वाकतात, तेव्हा उगं जबरदस्ती नको. फायबरची वायर मात्र जपून हाताळा, टेबलाच्या पायाखाली दाबू नका, खिळा मारून भिंतीला आवळू नका, बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, आत काच आहे. आणि ती पिन काढून टोकाकडं डोळा लावून उजेड येतोय का ते कधीच बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण असतो.

तांब्याच्या लाईनला एक सवय सोडा, दातानं वायर सोलायची. रिकामी असताना त्यात ४८ व्होल्टच असतात पण त्याच वेळी कुणी रिंग केली तर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो, आणि तो तोंडात आला तर दिवसभर आठवण राहील.

फोन टेबलावर कुठं ठेवायचा यावर कुणी विचारच करत नाही. उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे डाव्या हातानं रिसिव्हर आणि उजव्या हातानं लिहिणं, वायर कागदावरनं आडवी जात नाही. रिसिव्हरच्या वायरीचा डावीकडचा खाचा त्यासाठीच असतोय असं मला वाटतं. खिडकीजवळ ठेवू नका. आपल्याकडं जूनपासनं जो ओलावा सुटतो तो सप्टेंबरपर्यंत हटत नाही, खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडं तर भिंतीच पाझरतात, आणि रोझेटमधल्या तारांच्या टोकाला हिरवं चढलं की फोनमध्ये खरखर सुरू होते. पावसाळ्याआधी एकदा रोझेट उघडून बघा, हिरवं दिसलं तर टोक कापून नवीन तांबं काढून स्क्रू आवळा, निम्म्या खरखरीच्या तक्रारी तिथंच संपतात.

वळवाच्या पावसाचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत कडक ऊन आणि चार वाजता ढग, विजा, हे बेळगावात नवीन नाही. तांब्याची वायर खांबावरनं येते, वीज जवळपास पडली की तिचा झटका त्या वायरीतनं आत येऊ शकतो, म्हणून गडगडाट सुरू असताना वायरवाल्या फोनवर बोलत बसू नका आणि शक्य असेल तर संध्याकाळी ऑफिस बंद करताना लाईनची पिन काढून ठेवा. फायबरच्या काचेतनं वीज येत नाही, पण बॉक्सच्या ॲडॉप्टरच्या प्लगमधनं येते, तेव्हा तो प्लग काढा.

खालचे खटके

फोन उलटा करा. बुडाला किंवा बाजूला दोन छोटे खटके असतात आणि सगळ्या भानगडी तिथं असतात. एक रिंगरचा, मोठा, लहान, बंद. फोन येतो पण वाजत नाही म्हणून लाईनमनला बोलावलं आणि त्यानं येऊन हा खटका सरकवला, ही गोष्ट प्रत्येक ऑफिसात एकदा तरी घडतीच. कुणीतरी साहेबांची मीटिंग आहे म्हणून बंद केलेला असतो आणि मग तो तसाच राहतो. दुसरा खटका टोन आणि पल्सचा, तो टोनवर ठेवा. पल्सवर असेल तर नंबर दाबल्यावर कटकटकट असा आवाज येतो आणि बँकेचं किंवा गॅसचं "मराठीसाठी एक दाबा" वालं काम होत नाही, कितीपण दाबा.

स्क्रीनवाला फोन असेल तर त्यात सेल लागतात का ते बघा. साधा वायरवाला फोन बोलण्यापुरता करंट लाईनमधनंच घेतो, सेल बहुतेक स्क्रीन आणि मेमरीसाठी असतात, त्यामुळं सेल संपले तरी बोलणं चालू राहतं, नंबर दिसायचा बंद होतो. सेल वर्षानुवर्षं आत ठेवू नका, पाझरले की आतली पट्टी खातात. नवे सेल घालूनपण नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडीची सेवा तुमच्या लाईनवर चालू आहे का ते कंपनीला विचारा, ती त्यांच्याकडनं चालू करावी लागते. वायरलेस हँडसेटवाला फोन असेल तर त्याचा बेस करंटवर चालतो, तो करंट गेला की बंद, म्हणून ऑफिसात एक तरी वायरवाला साधा फोन असू दे.

नंबर फिरवताना

इथं आपल्या भागाचं खास आहे, कारण सीमेवर कोड पटापट बदलतात. बेळगाव ०८३१, पुढं सात आकडे. खानापूर ०८३३६, निपाणी-चिकोडी ०८३३८, गोकाक ०८३३२, अथणी ०८२८९, यांना पुढं सहा आकडे, म्हणजे सुरुवातीचं शून्य सोडून सगळं मिळून दहाच. शिनोळी बेळगावातनं दुचाकीवर जाण्याएवढं जवळ, पण ते चंदगड तालुक्यात म्हणून महाराष्ट्रातलं ०२३२०. गडहिंग्लज ०२३२७, कोल्हापूर ०२३१. आणि गोवा ०८३२, आपल्यापेक्षा शेवटचा आकडा तेवढा वेगळा, त्यामुळं चुकून इकडचे फोन तिकडं आणि तिकडचे इकडं लागतात, कुणी कोकणीत काजूचा भाव विचारला तर रागावू नका, कोड बघून घ्या म्हणून सांगा.

बेळगावातल्या बेळगावात लँडलाईनवरनं लँडलाईनला कोड लागत नाही, नुसते सात आकडे. लँडलाईनवरनं मोबाईलला मात्र आधी शून्य लावायचं, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासनं सगळ्या देशात लागू आहे, तरी अजून लोक दहा आकडे दाबून "नंबर लागत नाही" म्हणतात. मोबाईलवरनं लँडलाईनला शून्य आणि कोड, किंवा प्लस ९१ लावला तर शून्य गाळून ८३१. गुगलवर दुकान टाकताना, व्हिजिटिंग कार्ड छापताना प्लस ९१ च्या पुढं परत शून्य छापू नका, तसा नंबर लागत नाही आणि परदेशातला माणूस तर दुसऱ्यांदा फोन करणारच नाही. कार्डावर गावाचं नाव बेळगाव आणि बेळगावी दोन्ही असू द्या, सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, तरी शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात.

ईपीएबीएक्सवर असाल तर आणखी एक शून्य. बाहेरची लाईन घ्यायला पुष्कळ ठिकाणी शून्य आणि ऑपरेटरला नऊ असं ठेवलेलं असतं, काही ठिकाणी उलट, तुमच्या ऑफिसात काय आहे ते विचारा. म्हणजे मोबाईल लावायचा तर पहिलं शून्य लाईनसाठी, बाहेरचा टोन आला की दुसरं शून्य मोबाईलसाठी, मग दहा आकडे. नवीन माणूस हमखास एकच शून्य दाबतो. आणि हेच ११२ ला पण लागू पडतं! पोलीस, आग, अँब्युलन्स सगळ्याला ११२ आहे, पण एक्स्टेन्शनवरनं, म्हणजे ईपीएबीएक्सला जोडलेल्या आतल्या फोनवरनं, नुसतं ११२ दाबलं तर काही सिस्टीममध्ये ते आतल्याच कुठल्यातरी खोलीत वाजेल. ज्यानं सिस्टीम बसवली त्याला विचारून घ्या आणि "० मग ११२" किंवा जे काय असेल ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनवर चिकटवा. त्याच कागदावर ऑफिसचा स्वतःचा नंबर पण लिहा, कारण गडबडीत "तुमचा नंबर सांगा" म्हटलं की माणसाला स्वतःचा नंबर आठवत नाही.

पाचच्या बटणावर एक छोटा उंचवटा असतो, बोट तिथं ठेवलं की न बघता सगळे आकडे लागतात. दिवसभर फोन करणाऱ्यानं ही सवय लावून घ्यावी, हिशेबाच्या वहीवरनं नजर काढावी लागत नाही.

उचलल्यावर

तीन रिंगच्या आत उचला, उचलून हॅलो हॅलो करत बसू नका, नमस्कार म्हणा आणि ऑफिसचं नाव सांगा, समोरच्याला कळलं पाहिजे की बरोबर ठिकाणी लागलाय. बेळगावात समोरचा मराठी बोलणार का कन्नड ते पहिल्या शब्दापर्यंत कळत नाही, तो ज्यात बोलेल त्यात उत्तर द्या. कन्नड येत नसेल तरी चार वाक्यं पाठ असावीत, फोनवर तेवढ्यानं काम भागतं: हेळ्री म्हणजे बोला, ओंद निमिष इर्री म्हणजे एक मिनिट थांबा, निम्म हेसरू एन्री म्हणजे तुमचं नाव काय, साहेबरू होरग होग्यार्री म्हणजे साहेब बाहेर गेलेत. तेवढं बोलून ज्याला कन्नड येतं त्याच्याकडं द्या. भाषेवरनं फोनवर वाद घालू नका, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक असतंय.

फोनजवळ एक वही आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. दोऱ्यानं बांधलेलंच, नाहीतर संध्याकाळपर्यंत पेन राहत नाही. वहीत नाव, नंबर, वेळ आणि काम, आणि खाली घेणाऱ्याची सही किंवा नावाचं पहिलं अक्षर. "कुणाचा तरी फोन आला होता साहेब, परत करतो म्हणाले" याला निरोप म्हणत नाहीत. नंबर घेतला की परत म्हणून दाखवा, दोन-दोन आकडे करून, मराठीत त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर घाईत सारखं ऐकू येतं म्हणून एकेक आकडा म्हटला तर आणखी बरं.

थांबा म्हणून रिसिव्हरच्या तोंडावर हात ठेवायची पद्धत बंद करा. हातानं काही अडत नाही, समोरच्याला सगळं ऐकू जातं, "तोच आलाय परत पैशासाठी, नाही म्हणून सांगू काय?" हेसुद्धा. त्यासाठी म्यूट किंवा होल्डचं बटण आहे. म्यूटमध्ये तुमचा आवाज जात नाही पण त्याचा येतो, होल्डमध्ये दोन्ही बंद, सिस्टीममध्ये असेल तर गाणं लागतं. दोन मिनिटांच्या वर होल्डवर ठेवायची पाळी आली तर ठेवू नका, नंबर घ्या आणि तुम्ही फोन करा.

आता ट्रान्सफर, ज्यात सगळे मार खातात. साध्या एक्स्टेन्शनवर फ्लॅश नावाचं बटण असतं, कुठं नुसतं आर लिहिलेलं असतं. समोरच्याला सांगा "जोडून देतो", फ्लॅश एकदा दाबून सोडा, टोन बदलेल, मग आतला नंबर दाबा, तिकडच्यानं उचलला की "खानापूरहून अमुक बोलतायत, ठेवीच्या व्याजाचं विचारतायत" एवढं सांगा आणि मग रिसिव्हर ठेवा. उचललाच नाही तर परत फ्लॅश दाबला की बहुतेक सिस्टीममध्ये गिऱ्हाईक परत तुमच्याकडं येतं. फ्लॅश न दाबता रिसिव्हर ठेवायचा खटकाच हातानं टपकन दाबणारे जुने लोक आहेत, ते पण तेच काम करतं पण जरा जास्त वेळ दाबला की लाईन कट. फ्लॅश दाबल्यावर प्रत्येक वेळी कट होत असेल तर फोनमधला फ्लॅशचा वेळ आणि सिस्टीमचा वेळ जुळत नाही, काही फोनमध्ये १०० किंवा ६०० मिलिसेकंद असं सेटिंग असतं, ते बदलून बघा. न सांगता नुसता जोडून देऊन मोकळं होणं मला आवडत नाही. ज्याला तीन टेबलांवर तीनदा तीच गोष्ट सांगावी लागते तो चौथ्यांदा भांडणाच्याच सुरात बोलतो.

शेजारच्या टेबलावर फोन वाजतोय आणि तिथं कुणी नाही, तर उठून पळायची गरज नाही. पिकअपचा कोड असतो, आपल्या फोनवरनं तो दाबला की तो कॉल आपल्याकडं येतो. कोड प्रत्येक सिस्टीमचा वेगळा, बसवणाऱ्याकडनं मागून घ्या आणि त्याच चिकटवलेल्या कागदावर लिहा. एसटीडी, आयएसडी बंद करायचं लॉकपण त्याच्याकडनं समजून घ्या, रात्री वॉचमनशिवाय कुणी नसताना लॉक असलेलं बरं.

स्पीकरचं बटण काऊंटरवर वापरू नका. सोसायटीत कुणाचं कर्ज थकलंय, दवाखान्यात कुणाचा रिपोर्ट काय आलाय हे बाकावर बसलेल्या दहा जणांनी ऐकायचं काम नाही.

खोटे फोन

"तुमचा टेलिफोन दोन तासांत बंद होणार आहे, जास्त माहितीसाठी नऊ दाबा", असा रेकॉर्ड केलेला आवाज लँडलाईनवर पण येतो, ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, किंवा दूरसंचार खात्याचं नाव सांगतात. ट्राय कुणाचा फोन बंद करायला असं फोन करत नाही, त्यांनी स्वतः हे जाहीर केलंय. नऊ दाबू नका, ठेवून द्या. असल्या नंबराची तक्रार सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षु नावाच्या सोयीत करता येते, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, तिथं जितकी घाई कराल तितकं बरं. रिसेप्शनवरच्या माणसाला एवढं पक्कं सांगून ठेवा की साहेबांचा मोबाईल नंबर, ऑफिसचं बँक खातं आणि कुठलाही ओटीपी फोनवर कुणाला द्यायचा नाही, बँकेतनं बोलतोय म्हटलं तरी नाही.

आयपी फोन

नवीन ऑफिसं हाच बसवायला लागलीत. याला मागं लॅनची दोन भोकं असतात. एकावर लॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं, ते भिंतीकडच्या नेटवर्क स्विचला (ज्या डब्यात सगळ्या लॅन केबली येतात तो, लाईटचं बटण नव्हे), दुसऱ्यावर पीसी, त्यातनं कॉम्प्युटरला वायर, म्हणजे एकाच पॉईंटवर दोघांचं काम. दोन्ही भोकं चुकून भिंतीलाच जोडली तर नेटवर्कमध्ये फेरा लागतो आणि सगळ्या ऑफिसचं इंटरनेट बसतं, टेबल हलवल्यावर सफाई करणाऱ्यानं "रिकामी वायर दिसली म्हणून लावली" की हे होतं. पीओई स्विच असेल तर करंट लॅन केबलमधनंच येतो, साध्या पीओईच्या एका पोर्टमधनं १५.४ वॅटपर्यंत मिळतो आणि टेबलफोनला तो भरपूर झाला. स्विच साधा असेल तर ॲडॉप्टर वेगळा घ्या. लॅन केबल १०० मीटरच्या पुढं नेऊ नका.

फोन चालू झाला की सर्व्हरचा पत्ता, युजर आणि पासवर्ड ही तीन माहिती घालावी लागते, सर्व्हिस देणारा किंवा ऑफिसचा आयटीवाला देतो. बरोबर असेल तर स्क्रीनवर तुमचा एक्स्टेन्शन नंबर येतो आणि तिथली खूण सांगते की रजिस्टर झाला. फोनचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड कंपनीतनं आलेला तसाच ठेवू नका, बाहेरच्यानं घुसून रात्रीत परदेशी कॉल केले तर बिल तुम्हालाच येणार. एका कॉलला इंटरनेट फार लागत नाही, एका दिशेला साधारण ९० केबीपीएसच्या आसपास, तरी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढत असताना आवाज तुटतो, तेव्हा राऊटरमध्ये फोनला पहिला मान द्यायला सांगा. तुमचा आवाज तिकडं जातो पण तिकडचा येत नाही असं झालं तर फोन खराब नसतो, बहुतेक राऊटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग आड येतं, ते बंद करून बघायला सांगा.

बिघडला तर

टोन येत नसेल तर आधी दुसरा, चालू असलेला फोन त्याच पिनला लावून बघा. तो चालला तर तुमचं इन्स्ट्रुमेंट गेलं, नाही चालला तर लाईन. इन्स्ट्रुमेंट गेलं म्हणायच्या आधी स्प्रिंगवाली वायर बदला, कारण तीच सगळ्यात जास्त ओढली जाते आणि आतनं तुटते, बोलताना वायर हलवली की आवाज येतो-जातो, ही तिची खूण. फायबरच्या बॉक्सवर लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेर काच तुटलीय, रस्ता खोदला असेल, फांदी पडली असेल, आत बसून काही होणार नाही. पॉन (PON) लिहिलेला दिवा हिरवा स्थिर आणि फोनचा दिवा बंद असेल तर वायर बरोबर आहे पण नंबर बॉक्सवर रजिस्टर नाही, बॉक्स बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, तरी नाही आला तर कंपनीला सांगा, लाईनमन बोलवायची गरज नाही, ते त्यांच्या ऑफिसातनंच करतात. रिंग एकदम बारीक वाजत असेल तर एका लाईनवर किती फोन समांतर लावलेत ते मोजा, चार-पाच लावले की घंटीला जोर राहत नाही. त्यातलाच एखादा रिसिव्हर नीट ठेवलेला नसेल तर सगळ्यांचाच फोन कायम बिझी, गोडाऊनमधला फोन आधी बघा.

तक्रार द्यायची तर मोबाईलवरनं द्या, आणि तक्रारीचा नंबर त्या फोनजवळच्या वहीतच लिहा, तारीख-वेळ घालून. लाईनमन आला की त्याला आतलं दुरुस्त करायला सांगू नका, रोझेटपर्यंत किंवा बॉक्सपर्यंत टोन दाखव म्हणा, त्यानं आपल्या हातातला फोन तिथं लावून दाखवला की पुढची वायर तुमची जबाबदारी. तो जायच्या आधी मात्र आपल्या मोबाईलवरनं एकदा ऑफिसला रिंग करून बघा, आतनं बाहेर जातोय एवढ्यावर त्याला सोडू नका, बाहेरनं आत येतोय का ते पण बघा.